फुस्स्स... कुठून येतंय?

तुमच्यापैकी किती जण टीम आउटिंगला पेंटबॉल खेळलेत? हात वर करा! नेम धरून बॉसला रंगवायचं सुख काय असतं, ते अप्रेझलच्या महिन्यात तर विचारूच नका. पण तुमच्या हातातला तो मार्कर आदल्या रात्री कुणीतरी खोलून, पुसून, जोडून ठेवलेला असतो, हे कधी डोक्यात आलंय? माझ्याही नव्हतं आलं. गेल्या महिन्यात शहागडला जाईपर्यंत!

शहागड माझं आजोळ. जालना जिल्ह्यात, गोदावरीच्या काठी, धुळे-सोलापूर हायवेवर. पूल ओलांडला की बीड जिल्हा. तिथलाच माझा एक दोस्त पुण्यातली आयटीची नोकरी गेल्यावर गावी परतला आणि वडिलांच्या पडीक रानात त्याने पेंटबॉलचं मैदान टाकलं. आठ सेकंडहँड मार्कर, कडब्याच्या गंजींचे आडोसे आणि डोक्यावर कर्ज. पहिलं बुकिंग शनिवारचं, इंजिनीअरिंगची सोळा पोरं. आणि शुक्रवारी संध्याकाळी तीन मार्कर लागले ना फुसफुसायला!

‘मार्कर’ हे नाव उगाच नाही पडलेलं. अमेरिकेत झाडांवर, गुरांवर रंगाची खूण करायला ही वस्तू बनली. १९८१ च्या जूनमध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या जंगलात बारा जण ती घेऊन एकमेकांच्या मागे लागले आणि खेळ जन्माला आला. आत सगळी हवेचीच करामत. आपल्या कारच्या टायरमध्ये ३०-३५ पीएसआय हवा असते. या टाकीत ३०००! टाकीच्या तोंडावरचा रेग्युलेटर ती साधारण ८०० वर आणतो, मार्करमधला दुसरा रेग्युलेटर आणखी खाली उतरवतो. मग व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो, की गोळी सुटते. या वाटेत कुठेही रबराची एक रिंग दमली, की फुस्स्स.

दोस्त घामाघूम. हातात पाना, दिसेल तो नट ढिला करायच्या बेतात. शेवटी आम्ही हायवेवरच्या एका मेकॅनिक काकांकडे गेलो. हयात ट्रकच्या एअर ब्रेकमध्ये गेलेली. मार्कर पाहून ते आधी हसले. ‘‘बंदूक हाय का खेळणं?’’ मग म्हणाले, ‘‘हवा कुठून जायली ते आधी बघ. पाना मागून.’’

वाटीत साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश, बास! आजी सिलिंडर बदलल्यावर करते तेच. पहिल्या मार्करला टाकीच्या जोडावर बुडबुडे आले. टाकी उतरवली, तोंडावरची ओ-रिंग चिरलेली. दोस्ताकडे त्याच मापाची होती, पाच मिनिटांत काम फत्ते.

दुसऱ्याची हवा नळीतून बाहेर येत होती. म्हणजे दुखणं व्हॉल्व्हचं. टाकी काढली, आत अडकलेली हवा जमिनीकडे फायर करून संपवली, मग खोललं. व्हॉल्व्हचं तोंड बंद करणारं सील ठीक होतं, पण त्याच्या बैठकीवर वाळलेल्या रंगाचा कण. कापडाने पुसला, आवाज बंद! काका सवयीने ग्रीसचा डबा घेऊन आले, तर दोस्ताने त्यांचा हातच धरला. एवढ्या दाबाच्या हवेत खनिज तेल पेट घेऊ शकतं. इथे मार्करसाठीचं सिलिकॉनचं वंगणच चालतं, तेही थेंबभर. ‘‘हे आपल्याला नवीन,’’ म्हणत काकांनी डबा ठेवून दिला.

खरी परीक्षा तिसऱ्याची. बाहेर जेमतेम बुडबुडा, पण काटा एकदा थांबला की पुन्हा हळूहळू वर चढायचा. रेग्युलेटरच्या आतली बैठक झिजलेली, त्यामुळे तो हवा पूर्ण अडवतच नव्हता. दोस्ताने वेग मोजला. थोडं थांबून मारलेली पहिली गोळी सेकंदाला ३३० फूट, पुढच्या २८०. मैदानावर ३०० च्या वर जायचं नाही, हा जगभरचा साधारण नियम. अंगावर लागली तर काळंनिळं. मास्क सरकलेला असताना डोळ्यावर लागली तर? दृष्टी जाऊ शकते.

सुटा भाग शहरातून यायला चार दिवस. ‘‘चालवू का उद्यापुरता? पहिलंच बुकिंग आहे यार,’’ दोस्त म्हणाला. खरं सांगू, मीही गप्प बसले. कर्जाचा हप्ता मला माहीत होता. काकाच बोलले, ‘‘ट्रकचा ब्रेक असता, तर सोडला असता का रस्त्यावर?’’

शनिवारी चार-चारऐवजी तीन-तीनच्या मॅचेस झाल्या. तिसऱ्याबरोबर तसल्याच जुन्या रेग्युलेटरचा आणखी एक मार्कर दोस्ताने स्वतःहून बाजूला ठेवला. पोरांना कारण सांगितलं, पैसे कमी घेतले. थोडी कुरकुर झाली, पण संध्याकाळी जाताना त्यांनीच पुढच्या महिन्याची तारीख विचारली. काका नातवाला घेऊन बांधावर बसून सगळं बघत होते.

आणि हो, तुमच्यासाठी होमवर्क! पुढच्या आउटिंगला मार्कर हातात घेण्याआधी विचारा, ‘वेग मोजला का?’ फुसफुस ऐकू आली तर मास्क न काढता मार्कर परत द्या. टाकीचा व्हॉल्व्ह स्वतः कधीच खोलू नका. घरच्या गॅसलाही साबणाचं पाणी लावून बघा. वास आलाच तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, दिव्याच्या बटणाला हात नाही. बाहेर येऊन १९०६ फिरवा. तिथे मात्र पाना आपण उचलायचाच नाही!