विंचवाचं बिऱ्हाड

मैत्रिणींनो, उन्हाळ कांदा निघून चाळीत पडला, की आमच्या नामपूरकडे गृहिणींचं एक काम वाढतं. रात्री दिवा मालवण्याआधी अंथरूण-पांघरूण झटकायचं! आमचं मोसमकाठचं गाव काय किंवा तुमचं गाव काय, दगडाची भिंत, गोवऱ्या आणि सरपण असलं की विंचू आलाच. जीवशास्त्रातल्या नवलाच्या गोष्टी म्हटलं की हत्ती नाहीतर देवमासा आठवतो. पण दाराआडचा हा एवढासा प्राणीही काही कमी नवलाचा नाही. शिवाय त्याच्याबद्दलची एक गोष्ट वेळेवर ठाऊक असली, तर घरातलं मूल वाचतं.

आधी गंमत ऐका. विंचू हा कीटक नव्हेच. कीटकाला पाय सहा, विंचवाला आठ. तो कोळ्याचा भाऊबंद. त्याच्या पोटाखाली वहीच्या पानांसारखे पातळ पडदे असतात आणि तो त्यांतून श्वास घेतो. त्याचं घराणं पृथ्वीवर ४० कोटी वर्षांहूनही जुनं आहे, म्हणजे माणसाचा मागमूसही नव्हता तेव्हापासूनचं! खायला मिळालं नाही तरी तो महिनोन्‌महिने तग धरतो. म्हणून बंद खोलीत किंवा माळ्यावर काही नसेल, असं धरून चालू नये.

सारखी घरं बदलणाऱ्याला आपण ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ म्हणतो. ही म्हण अगदी शास्त्रशुद्ध आहे, बरं का! विंचवीण अंडी घालत नाही, तिला जिवंत पिल्लं होतात. मऊ, पांढुरकी पिल्लं जन्मताच आईच्या पाठीवर चढून बसतात आणि पहिली कात टाकेपर्यंत, म्हणजे आठ-पंधरा दिवस, तिथेच राहतात. पिल्लं आईचं पोट फाडून बाहेर येतात, तिलाच खातात, असं आपल्या आज्या सांगत. ते मात्र खरं नाही. बिचारी आई त्यांना अंगाखांद्यावर वागवत असते.

आणखी एक नवल म्हणजे नोटा तपासायच्या जांभळ्या उजेडाच्या टॉर्चखाली विंचू हिरवट-निळा चमकतो! अंधारात कोपरे तपासायला ही टॉर्च फार उपयोगी. पण मुलांच्या डोळ्यांवर तिचा झोत मारू नका.

आता मुख्य गोष्ट. मोठा काळा विंचू पाहिला की आपली पाचावर धारण बसते. खरा घातकी असतो तो लहानसा, तांबूस रंगाचा लाल विंचू. त्याचे चिमटे बारीक आणि शेपटी जाड असते. त्याच्या विषानं शरीरातल्या नसा जणू खवळून उठतात. भीती वाटली की रक्तात जो रस उतरतो, त्याचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर भयंकर ताण पडतो आणि शेवटी फुप्फुसात पाणी होतं. लहान मुलाच्या इवल्याशा देहाला तेवढंच विष फार होतं.

हे कोडं उलगडलं आपल्याच महाराष्ट्रात. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशानं धडधाकट माणसं आणि लेकरं दगावताना ते पाहत होते. अशा रोग्यांच्या उशाशी बसून त्यांनी एकेक लक्षण टिपून ठेवलं. मग १९८० नंतरच्या काळात त्यांनी प्रॅझोसिन हे रक्तदाबावरचं साधं, स्वस्त औषध वापरायला सुरुवात केली. पूर्वी गंभीर रोग्यांपैकी शंभरात पंचवीस-तीस दगावत, ते प्रमाण अगदी थोड्यांवर आलं. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचाही या संशोधनात बरोबरीचा वाटा आहे. प्रॅझोसिनच्या जोडीला विंचवावरची लस दिली तर रोगी लवकर सावरतो, हे दोघांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलं. २०२२ साली डॉ. हिंमतरावांना पद्मश्री मिळाली.

आपल्या कामाची गोष्ट ती हीच. दंशाची ठणक किती, यावरून धोका ओळखू नका. खूप ठणकतं, पण बाकी काही नाही, असा रोगी बहुधा निभावतो. उलट मूल ठणक्यानं फारसं रडत नाही, पण सारखी उलटी होते, घामानं अंग निथळतं, हातपाय गार पडतात, ही खरी धोक्याची खूण. ‘रडायचं थांबलं, उतरलं वाटतं’ म्हणून स्वस्थ बसू नका. मी तर म्हणते, लहान मुलाला विंचू चावला की लक्षणांची वाटच पाहू नये.

मग करायचं काय? मुलाला आडवं निजवा, धीर द्या, चालवू नका. बर्फ असेल तर फडक्यात गुंडाळून दंशावर धरा. घट्ट दोरी बांधणं, ब्लेडनं चिरणं, कांदा किंवा मिरची चोळणं, यांतलं काही करू नका. सासूबाई मांत्रिकाकडे न्यायला म्हणाल्या, तर त्यांच्याशी वाद घालण्यात वेळ दवडू नका. ‘आई, आधी दवाखान्यात जाऊन येऊ’ म्हणा आणि निघा. वाहन नसेल तर १०८ ला फोन लावा. वर सांगितलेलं औषधही घरी स्वतःच्या मनानं देऊ नये. त्यानं रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हवं.

आणि आधीची खबरदारी आपल्याच हाती आहे. मुलांचे बूट-चपला झटकून द्या. गणवेश खुंटीवर टांगलेला असेल तर उलटा करून पाहा. खाट भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. गोवऱ्या आणि सरपण घराला लागून रचू नका. भिंतीच्या फटी पावसाआधी बुजवून घ्या. चाळीतला कांदा निवडताना आणि दगड उचलताना आधी काठीनं हलवा, मग हात घाला. गड्या-बायांनाही हे सांगून ठेवा. त्यांची लेकरं चाळीच्या सावलीतच निजलेली असतात.