डिप्लोमा म्हणताना आवाज का उतरतो?

दहावीचा निकाल लागला की फोन सुरू होतात. मुलाला सिव्हिल इंजिनिअर व्हायचंय, अकरावी सायन्सला घालू की डिप्लोमाला? ‘डिप्लोमा’ म्हणताना आवाज हमखास उतरतो. कमी मार्कांच्या पोरांनी तिकडे जायचं, अशी आपली पक्की समजूत.

माझं उत्तर ठरलेलं आहे. सिव्हिलच करायचं हे मनाशी पक्कं असेल तर सरळ तंत्रनिकेतन. पक्कं नसेल तर बारावी, सीईटी आणि चार वर्षांची पदवी. तेवढाच विचाराला वेळ मिळतो. (या दुसऱ्या वाटेने आलेल्यांत ‘कॉम्प्युटर हुकलं म्हणून सिव्हिल’ किती, हे कुठल्याही वर्गात विचारून पाहा.)

डिप्लोमाची पोरं सोळा-सतराव्या वर्षी ऑटो लेव्हल लावून स्टाफवरचं रीडिंग घेऊ लागतात. काँक्रीटचे पंधरा सेंटिमीटरचे क्यूब भरतात, पाण्यात ठेवतात, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी मशिनखाली फोडतात. एम-२० मधला २० म्हणजे २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन, हे मग पाठ करावं लागत नाही. पदवीच्या मुलांनाही हे सारं असतंच, पण दोन-तीन वर्षं उशिरा. साइटवर स्लॅबच्या सळईखाली कव्हर ब्लॉक घालायचे राहिलेत, हे आधी कोणाच्या नजरेला पडतं ते मुकादमांना विचारा.

आणि यात कमीपणा कसला? पुण्याचं आजचं सीओईपी, म्हणजे जुनं इंजिनिअरिंग कॉलेज, १८५४ साली सुरू झालं, तेच मुळी सार्वजनिक बांधकामाच्या कनिष्ठ जागांसाठी माणसं तयार करायला. पुढे याच संस्थेत विश्वेश्वरय्या आले, तेही बंगळूरहून बी.ए. होऊन. १८८३ मध्ये एल.सी.ई. (तेव्हाची सिव्हिलची पात्रता) झाले आणि पुढच्या वर्षी मुंबई इलाख्याच्या पीडब्ल्यूडीत लागले. खडकवासला धरणाचे त्यांचे स्वयंचलित दरवाजे त्यानंतर कितीतरी वर्षांनी. दर १५ सप्टेंबरला अभियंता दिनी आपण त्यांच्या फोटोला हार घालतो. ते आधी बी.ए. होते, तेही सरळ वाटेने आले नव्हते, हे कोणी सांगत नाही.

डिप्लोमा केला म्हणून पुढच्या वाटाही बंद होत नाहीत. सरकारी खात्यात कनिष्ठ अभियंत्याची जागा पदविकेवर मिळते. पदवी हवी असेल तर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश आहे. आयटीआयमधून सर्व्हेअर किंवा स्थापत्य आरेखक झालेल्यालाही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात जागा असते. खरी अडचण आहे ती गणिताची. पदवीच्या पहिल्या वर्षाचं गणित चुकवून ही मुलं एकदम डिफरन्शियल इक्वेशनसमोर येऊन बसतात आणि भलेभले हुशार तिथे केटी लावून घेतात. डिप्लोमाच्या शेवटच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत गणित काढून बसलं, तर हे टळतं. हे सांगितलं की फोनवर थोडी शांतता पसरते. मुलाचं गणित कच्चं म्हणूनच तर डिप्लोमा ठरलेला असतो! अशांना मी स्पष्ट सांगतो, सिव्हिलमध्ये गणितापासून सुटका नाही.

आणि तंत्रनिकेतन निवडताना गेटवरची कमान पाहू नका. मटेरियल टेस्टिंगच्या लॅबमध्ये जा. मशिनच्या पायाशी फुटक्या क्यूबचा ढीग दिसला तर फी भरा. मशिनवर प्लास्टिकचं आवरण घट्ट बांधलेलं दिसलं, तर पुढचं कॉलेज बघा.