गल्लीचा फोटो काढा, किल्ल्याचा पुरे झाला

बेळगावात हौशी मंडळी सुट्टीच्या सकाळी कॅमेरे घेऊन निघाली की पावले आपोआप किल्ल्याकडे वळतात. खंदक, दरवाजा, १२०४ सालची कमल बस्ती आणि तिच्या छतातले दगडी कमळ, जवळची साफा मशीद, मग कॅम्पातले सेंट मेरी चर्च. एवढे झाले की फेरी संपली. या वास्तू देखण्या आहेत, पण त्यांना आपल्या कॅमेऱ्याची गरज नाही. त्यांचे शिलालेख वाचून छापले गेले आहेत आणि उद्या तिथला एक दगड हलला तरी बोंब होईल. गरज आहे ती किल्ल्याबाहेरच्या जुन्या शहराला. खडे बाजार, गणपत गल्ली, रामदेव गल्ली, पांगुळ गल्ली, चव्हाट गल्ली, तिकडे शहापूर. इथले कौलारू घर उतरवले जाते, पत्रे ठोकले जातात, वर्षभरात तिथे तीन मजली दुकान उभे राहते आणि दोन वर्षांनी शेजाऱ्यालाही आठवत नाही की आधीचा कट्टा डावीकडे होता की उजवीकडे. फोटोफेरी काढायचीच तर ती इथे काढावी, आणि ती करमणूक म्हणून न काढता नोंद म्हणून काढावी, असे माझे म्हणणे आहे.

पुण्यात पेठ, कोकणात आळी, तशी बेळगावात गल्ली. तो नुसता रस्ता नाही, ते राहणाऱ्याचे आडनावाइतकेच पक्के ओळखपत्र आहे. नावेच वाचत गेलो तरी शहर कसे वसले ते कळते. रिसालदार गल्ली फौजेतून आली, बुरूड गल्ली धंद्यातून, तर टेंगिनकेरा गल्लीतला ‘तेंगु’ म्हणजे कन्नडमधला नारळ, जो मराठी घरांतही पिढ्यान्‌पिढ्या त्याच नावाने उच्चारला गेला. शहापूर तर स्वातंत्र्यापर्यंत सांगली संस्थानात होते; म्हणजे आज रिक्षाने काही मिनिटांत पार होणारे अंतर एकेकाळी राज्य बदलत होते. हा इतिहास कुठल्याही एका वास्तूत मावत नाही. तो घरांच्या रांगेत, रस्त्याच्या रुंदीत, दुकानाच्या फळ्यांत आणि सोप्याच्या उंचीत आहे. संरक्षणाचे कायदे मात्र वास्तू ओळखतात, रांग ओळखत नाहीत. रिसालदार गल्लीतले एक घर जपले गेले, कारण ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद भाटे वकिलांकडे तिथे उतरले होते. शेजारच्या घरांकडे तसा पाहुणा आला नाही, एवढाच त्यांचा गुन्हा. किर्लोस्करांचा उद्योग याच शहरात सायकलच्या दुकानातून उभा राहिला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडीला गेला. बेळगावाच्या वाट्याला रस्त्याचे नाव आले.

फोटोने नेमके काय साधते, याचा पुरावा बेळगावातच आहे. डिसेंबर १९२४ चे काँग्रेस अधिवेशन, महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषवलेले एकमेव, टिळकवाडीत भरले. गंगाधरराव देशपांड्यांनी उभारलेले ते सारे गाव मांडवांचे होते. अधिवेशन संपले आणि गाव उठले. मागे राहिली पाण्यासाठी खोदलेली विहीर, तीच आजची काँग्रेस विहीर, आणि राहिली छायाचित्रे. शताब्दीच्या वेळी जे ‘दाखवता’ आले ते या दोन गोष्टींच्या बळावर. दोन दिवसांच्या मांडवाची आठवण शंभर वर्षांनी डोळ्यांसमोर उभी करता येते आणि शंभर वर्षे नांदलेल्या गल्लीची येत नाही, याला काय म्हणावे?

आता तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, रोज हजारो फोटो निघतात, मग वेगळी नोंद कशाला, असे कोणी विचारेल. ते फोटो निघतात खरे. पण त्यांवर गल्ली नसते, घराचा क्रमांक नसतो, कोणत्या दिशेने काढला ते नसते, आणि फोन बदलला की निम्मे जातात. लग्नाच्या वरातीमागे चुकून आलेली भिंत म्हणजे नोंद नव्हे. ग्लासगो शहराने १८६६ मध्ये जुनी दाट वस्ती पाडायला विश्वस्त मंडळ नेमले, तेव्हा त्या मंडळाने टॉमस अ‍ॅनन या छायाचित्रकाराला आधी बोळाबोळांतून फिरवले. ते बोळ गेले, पण ते कसे होते हे आज सांगता येते. इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो मी हलका मानत नाही: फोटो हीच पाडण्याची सबब होईल. ‘नोंद झाली ना, मग चालवा हातोडा.’ ग्लासगोत झाले ते तसेच. पण जुन्या बेळगावात घरे नोंद नसतानाही पडतच आहेत. भाऊबंदकीत वाटण्या झालेल्या, गळक्या कौलांच्या घरमालकाला ‘वारसा जपा’ म्हणून सांगणे सोपे असते; कौले शाकारायचे पैसे सांगणारा देत नाही. नोंद त्याच्याकडे काहीच मागत नाही. त्याचा हक्क शाबूत राहतो आणि गावाची आठवणही.

सीमाभागात मात्र खरी अडचण भाषेची आहे. २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव बेळगावी आहे. फलकांवर साठ टक्के जागा कन्नडला देण्याची सक्ती २०२४ च्या दुरुस्तीने आली. जुने मराठी फलक उतरत आहेत, हे डोळ्यांना दिसते. तेव्हा मराठी माणसाला वाटणार की आपण मराठी पाट्यांचेच फोटो काढावेत, सीमाप्रश्नाच्या न्यायालयातल्या दाव्याला तेवढेच बळ. ही भावना समजण्यासारखी आहे, पण असा संग्रह कोणालाच पटणार नाही. निवडून काढलेला फोटो म्हणजे आधी निकाल आणि मग साक्ष. जुन्या बाजारात देवनागरी, कन्नड, उर्दू आणि इंग्रजी अक्षरे एकाच भिंतीवर नांदली आहेत. जसे आहे तसे, ओळीने, एकही घर न गाळता टिपले तर त्यात मराठीचे स्थान आपोआप दिसेल, आणि ते खोडणे कोणालाही जड जाईल. या नोंदीत कन्नड आणि उर्दू वाचणारी माणसे बरोबरीने हवीत, ती उपकार म्हणून नव्हे. त्यांच्याशिवाय निम्म्या पाट्या आपल्याला वाचताच येणार नाहीत.

याच सीमाभागातल्या निपाणीची गोष्ट थोडी निराळी. तिथला ऐतिहासिक भाग म्हणजे निपाणकर देसायांचा वाडा, असे समजून कॅमेरा तिकडेच रोखला जातो. पण हे गाव तंबाखूने वाढवले. १९८१ चे तंबाखू उत्पादकांचे आंदोलन निपाणीला देशाच्या नकाशावर घेऊन गेले, ते तंबाखूच्या भावासाठी, वाड्यासाठी नव्हे. म्हणून तंबाखूच्या वखारी हाच इथला वारसा मानला पाहिजे. मात्र दारात विड्या वळणारी बाई म्हणजे प्रदर्शनातली वस्तू नाही. तिचा फोटो तिला विचारून, आणि ती नको म्हणाली तर कॅमेरा खाली. हा नियम पाळता येत नसेल त्याने वखारीच्या भिंतींचे फोटो काढावेत, त्या हरकत घेत नाहीत.

महापालिकेने एवढेच करावे: घर पाडण्याचा परवाना देताना किंवा रस्ता रुंदीकरणाची खूण मारताना समोरून, बाजूने आणि आतून तारीखवार फोटो घ्यावेत, आणि त्याची एक प्रत लोकांना पाहायला मिळेल अशा ठिकाणी ठेवावी. १८४८ पासूनचे सार्वजनिक वाचनालय गावात आहे; त्याहून योग्य जागा कोणती? पण महापालिकेची वाट पाहण्याचे कारण नाही. हौशी मंडळींनी एक गल्ली घ्यावी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. दोनदा जावे: एकदा दुकाने उघडण्याआधी, घरे दिसावीत म्हणून, आणि एकदा संध्याकाळी, बाजार दिसावा म्हणून. फोटोमागे गल्ली, क्रमांक आणि तारीख लिहावी. सुरुवात पांगुळ गल्लीपासून केली तरी चालेल.