दग्धव्रण आणि तिसरा पाद

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात वैद्य, द्रव्य, परिचारक आणि रुग्ण असे चिकित्सेचे चार पाद सांगितले. आपल्या परिसंवादांतून पहिल्या दोहोंची उदंड चर्चा होते. परिचारकाचे नाव मात्र विद्यार्थिदशेतील प्रश्नपत्रिकेनंतर सहसा कानी पडत नाही. अन्य व्याधींत हे एकवेळ खपून जाईल. त्वग्विकार आणि दग्धव्रण यांत खपत नाही. तेथे औषध कोणाच्या तरी हातून त्वचेवर जायचे असते.

बिबवेवाडीत, विशेषतः अप्पर इंदिरानगरच्या दोन खोल्यांच्या घरांतून, हा परिचारक म्हणजे बहुधा रुग्णाची आई किंवा सासू. अंघोळीच्या कढत पाण्याने पोळलेली मांडी, दिवाळीत फुलबाजीने भाजलेली पोटरी घेऊन रुग्ण येतो, तेव्हा त्यावर टूथपेस्ट, शाई असे काही ना काही थापलेले असते. आपण ते पुसून मलम लिहून देतो. पट्टी कधी बदलावी, चिकटलेली पट्टी ओढू नये, भिजवून सोडवावी, हे सांगण्यास मिनिटभर थांबत नाही. उपचारज्ञता, दक्षता, अनुराग आणि शौच हे परिचारकाचे चार गुण. त्या माउलीपाशी अनुराग भरपूर असतो. उपचारज्ञता तिला कोणी द्यावयाची? शौच म्हणजे साबणाने धुतलेले हात, कापलेली नखे आणि उन्हात वाळवलेले स्वच्छ सुती कापड, एवढे सांगितले तरी पुष्कळ झाले. खरजेच्या रुग्णास एकट्यालाच मलम देऊन घरातील इतरांना व अंथरुणांना विसरणे, हाही त्याच दुर्लक्षाचा प्रकार होय.

सुश्रुतांनी व्रणितोपासनीय नावाचा अध्यायच रुग्णाच्या शुश्रूषेस वाहिला आहे. चिकित्सास्थानात व्रणावर पाने ठेवण्याचा विधी आहे; पित्तरक्तदुष्ट व्रणासाठी क्षीरीवृक्षांची व जलज वनस्पतींची पाने त्यांनी सांगितली. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. माधुरी गोरे यांनी निर्जंतुक केलेले केळीचे पान दग्धव्रणावर वापरून पाहिले व २००३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पान व्रणास चिकटत नाही, त्यामुळे पट्टी बदलताना वेदना अल्प होतात, आणि ते स्वस्तही पडते. हे काम खरे तर आपल्यापैकी कोणी करावयास हवे होते! (निर्जंतुक हा शब्द मात्र विसरू नये, मंडईतले पान धुऊन ठेवणे म्हणजे ते नव्हे.)

आता थोडा रोष पत्करून लिहितो. प्लुष्ट दग्धात सुश्रुतांनी शेक व उष्ण उपचार सांगितले आहेत. शीतल जलाने रक्त गोठते, अशी त्यांची उपपत्ती. आज हा उपदेश बाजूस ठेवला पाहिजे. भाजल्याबरोबर वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली तो भाग धरणे हाच प्रथमोपचार. बर्फ नको, घृत, तेल, मलम सारे त्यानंतर. रुग्णाच्या बोटांसह तळहाताएवढे क्षेत्र म्हणजे शरीराचा साधारण एक टक्का. प्रौढात पंधरा, बालकात दहा टक्क्यांहून अधिक दाह असेल, चेहरा, हात, सांधे, गुह्यांग भाजले असेल किंवा वीज अथवा आम्ल कारण असेल, तर कोणताही लेप न लावता स्वच्छ चादरीत गुंडाळून रुग्णास ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयाकडे धाडावे. त्यात वैद्याची मानहानी नाही.

औषधविक्रेते बंधूंनाही एक विनंती. स्टेरॉइडयुक्त मलमे २०१८ पासून अनुसूची ‘एच’मध्ये आहेत, गजकर्णावर ती चिठ्ठीवाचून देऊ नयेत. आणि दग्धव्रणाचे प्रत्येक मलम देताना हात धुणे, पट्टी बदलणे व रुग्णालयात केव्हा जावे, याविषयी सोप्या मराठीतील एक पत्रक सोबत द्यावे. मजकूर मी लिहून देतो. छपाईचा भार आपल्या संघटनेने उचलावा, आणि दिवाळीपूर्वी ही पत्रके दुकानांतून पोहोचवावीत.