लोगो म्हणजे मासळीची टोपली नव्हे



सोसायटीच्या नव्या लोगोसाठी ग्रुपवर सूचनांचा पाऊस पडतोय. कुणाला ट्रॉलर हवा, कुणाला रापण, कुणाला माड, कुणाला उगवता सूर्य. मागणी प्रत्येकाची मनापासूनची. पण सगळंच भरलं तर लोगो राहणार नाही, टोपली होईल. आमचं मत स्पष्ट आहे: आकार एकच घ्या.

होडीवर नोंदणी क्रमांक आपण कसा रंगवतो? मोठा, ठळक, उठून दिसेल अशा रंगात. नक्षी काढत बसत नाही, कारण तो हलत्या पाण्यात लांबून वाचता यायला हवा. लोगोचं कामही तेच.

तो लागणार कुठे? क्रेटवर, बर्फाच्या पेटीवर, पावतीच्या शिक्क्यावर, मोबाईलच्या डीपीत. क्रेटवर पत्र्याच्या साच्यातून एकाच रंगात मारायचा, तिथे सोनेरी छटा आणि सावल्या उमटत नाहीत. शिक्क्यावर बारीक जाळं काढलं तर शाई भरून नुसता डाग दिसतो. डीपी गोल, कोपऱ्यातलं सगळं कापलं जातं. सोसायटीचं नाव चिन्हाच्या पोटात घातलं तर लहान आकारात काना-मात्रा एकमेकांना चिकटतात. नाव खाली वेगळं असू दे.

म्हणून रंगावर भांडण्याआधी नमुना काळ्या-पांढऱ्यात बघा. नखाएवढा करून बघा. ओल्या क्रेटवर मारून वीस पावलांवरून बघा. ओळखला, तर पास.

साध्या चिन्हात आपला धंदा कसा दिसणार, असं काहीजण विचारतात. स्टेट बँकेचं चिन्ह आठवा. निळं वर्तुळ, मध्ये भोक, खाली एक चीर. ना नोट, ना नाणं. 1971 पासून लोक ते बघून बँक ओळखतात.

आता खरी अडचण. ट्रॉलर घातला तर रापणकार दुखावणार, रापण घातली तर ट्रॉलरवाले. लोगोवरून सोसायटीत दोन तट पडायला नकोत. बांगडा मात्र सगळ्यांचा. तोही अख्खा नको. त्याची दुभंगलेली शेपटी पुरे. साच्यात सहज कापता येते, शिक्क्यावर भरत नाही.

आणि नेटवरचं तयार चित्र उचलू नका. तेच उद्या दुसऱ्याच्या पेटीवर दिसेल, मग भांडायला तोंड राहणार नाही. स्वतःचं चिन्ह असलं तर संस्थेला ते सामूहिक व्यापारचिन्ह म्हणून नोंदवता येतं. नोंदणी 10 वर्षांची, पुढे नूतनीकरण होतं. आपली मासळी म्हणून दुसरी कुणी खपवली, तर कागद हातात असेल.

बंदी 31 जुलैला संपते. एकदा होड्या पाण्यात गेल्या की बैठकीला कोण येणार? त्याआधीच ठरवूया.