तोफा आल्या, रसदेचे काय?

पानिपत शहराबाहेर काला अंब नावाचे ठिकाण आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी तेथे इतके रक्त सांडले की आंब्याचे झाडच काळे पडले, अशी आख्यायिका सांगतात. ते झाड आता नाही. त्याच्या जागी स्मारकाचा स्तंभ उभा आहे. दर संक्रांतीला महाराष्ट्रातून माणसे तेथे जातात, माती कपाळाला लावतात आणि शौर्याचा जयजयकार करून परततात. शौर्याबद्दल दुमत नाही. पण त्या मैदानाने शिकवलेला धडा जयजयकारात सहसा ऐकू येत नाही. सदाशिवरावभाऊंच्या सैन्याकडे इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना होता आणि तो त्या काळच्या हिंदुस्थानातील उत्तम तोफखान्यांपैकी एक होता. नव्हती ती रसद. अब्दालीने बागपताजवळ यमुना ओलांडून दिल्लीची वाट अडवली, डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि यात्रेकरू, बायकामुले व बाजारबुणगे यांनी भरलेली छावणी उपासमारीला लागली. शेवटच्या दिवशी सैन्य उपाशीपोटी लढले.

काला अंबपासून दिल्ली सुमारे नव्वद किलोमीटरवर आहे. १९ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच दिल्लीत देशाच्या विज्ञानक्षेत्रातील एक नवी तोफ जगापुढे आणली गेली. सीएसआयआरच्या आयजीआयबी या संस्थेने विकसित केलेली, सिकलसेल आजारावरची स्वदेशी क्रिस्पर उपचारपद्धती ‘बिरसा १०१’ या नावाने जाहीर झाली. बिरसा मुंडा यांच्या दीडशेव्या जयंतीच्या आठवड्यात हे नाव ठेवले गेले आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आले. त्यानंतर समाजमाध्यमांवर दोन गट पडले. एका गटाच्या मते सिकलसेल आता इतिहासजमा झाला. दुसऱ्याच्या मते माणसाने ईश्वरी कामात ढवळाढवळ केली असून उद्या दुकानात गोरी, उंच, हुशार बाळे विकत मिळतील. दोन्ही गटांची नजर तोफेवरच खिळलेली आहे. रसदेविषयी कोणीच विचारत नाही.

या तोफेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. माणसाच्या जनुकसंचात सुमारे तीनशे कोटी अक्षरे असतात. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीची कृती सांगणाऱ्या जनुकात एक अक्षर बदलते, त्यामुळे साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते आणि ऑक्सिजन कमी झाला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडे फोडणाऱ्या वेदना, वारंवार रक्त चढवणे, प्लीहा निकामी होणे, कोवळ्या वयात पक्षाघात. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, नंदुरबार या जिल्ह्यांतील आदिवासी आणि दलित वस्त्यांना हे वर्णन पुस्तकात वाचावे लागत नाही. शासनच सांगते की अनुसूचित जमातींमध्ये दर ८६ जन्मांमागे एका बाळाला हा आजार असतो.

लायनस पॉलिंग यांनी १९४९ मध्ये या आजाराला रेणूचा आजार म्हटले. तेव्हापासून कारण ठाऊक होते, इलाज नव्हता. २०१२ मध्ये शार्पांतिए आणि डाउडना यांनी जीवाणूंच्या संरक्षणयंत्रणेतून क्रिस्परची कात्री घडवली आणि अकरा वर्षांत ती रुग्णापर्यंत पोचली. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने ‘कॅसजेव्ही’ या उपचाराला मान्यता दिली. चाचणीत पुरेसा काळ पाहिल्या गेलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान बारा महिने तीव्र वेदनेचा झटका आला नाही. वैद्यकाच्या इतिहासात असे आकडे क्वचित दिसतात. असा उपचार निसर्गविरोधी म्हणून नाकारणाऱ्यांनी एकदा सिकलसेलच्या वॉर्डात रात्र काढावी.

आता रसदेकडे यावे. हा उपचार एका सुईत संपत नाही. रुग्णाच्या रक्तातून मूळपेशी वेगळ्या काढाव्या लागतात. त्या प्रयोगशाळेत संपादित होतात. दरम्यान बुसल्फानसारख्या जहाल औषधाने रुग्णाची जुनी अस्थिमज्जा नष्ट करावी लागते, कारण नव्या पेशींना जागा हवी असते. त्यानंतर कित्येक आठवडे रुग्ण जंतुविरहित खोलीत राहतो. त्या काळात साधा संसर्गही जीव घेऊ शकतो. पुढे मूल होण्याची क्षमता जाण्याचा धोका असतो, म्हणून आधीच बीजांडे किंवा शुक्राणू गोठवून ठेवण्याची सोय लागते. थोडक्यात, अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची संपूर्ण व्यवस्था असल्याशिवाय ही कात्री निरुपयोगी आहे. अशी व्यवस्था महानगरांत आहे; रुग्ण धडगाव आणि भामरागडला आहेत.

अमेरिकेत कॅसजेव्हीची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे १८ कोटी रुपयांहून अधिक ठरली. स्वदेशी तंत्राने हा आकडा खाली येईल, ही आशा पोकळ नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून आलेली, कर्करोगावरची नेक्सकार-१९ ही पेशी-उपचारपद्धती ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्य झाली आणि परदेशी किमतीच्या साधारण दशांशात मिळू लागली. पण तंत्र स्वस्त झाले म्हणून जंतुविरहित खोली, प्रशिक्षित परिचारिका आणि तीन महिने बुडणारी मजुरी स्वस्त होत नाही.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी एक साधा हिशेबही मांडून पाहावा. अशा उपचारात दर किलो वजनामागे किमान तीस लाख मूळपेशी द्याव्या लागतात. चाळीस किलोच्या मुलीसाठी त्या बारा कोटी होतात. कात्रीने दहा लाख पेशींमागे एकाच पेशीत नको तिथे छेद दिला असे धरले, तरी तशा पेशी १२० भरतात. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतील किंवा मरून जातील. पण रक्ताच्या कर्करोगाला एकच पुरेशी असते. संभाव्यता कमी असणे आणि शून्य असणे यांत हेच अंतर आहे. म्हणूनच अशा रुग्णांवर पंधरा वर्षे लक्ष ठेवण्याचा दंडक आहे. ऊसतोडीसाठी दर वर्षी नंदुरबारहून गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबातील मुलीवर पंधरा वर्षे लक्ष कोण ठेवणार? तिची नोंद कोणत्या दवाखान्यात राहणार? हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांतला नाही, रजिस्टर आणि एसटीच्या तिकिटाचा आहे. त्याचे उत्तर चाचणी सुरू होण्यापूर्वी लेखी हवे.

संमतीचा प्रश्नही असाच. २००९-१० मध्ये खम्मम आणि बडोदा जिल्ह्यांत एचपीव्ही लसीच्या अभ्यासात हजारो मुलींना लस दिली गेली. त्यांत आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या. वसतिगृहातील मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी अधीक्षकांच्या सह्या आढळल्या आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कठोर ताशेरे ओढले. दोष लसीचा नव्हता. ‘यांना काय विचारायचे’ या वृत्तीचा होता. अस्थिमज्जा जाळणाऱ्या उपचाराची संमती भिली, पावरी, गोंडी, माडिया बोलीत, न घाबरवता आणि न भुलवता घेतली जाणार नसेल, तर बिरसांचे नाव वापरण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही.

आणि सर्वांत कटू गोष्ट ही की, आज वाचवता येण्याजोगी मुले क्रिस्परअभावी मरत नाहीत. नवजात बाळाची तपासणी, पेनिसिलिन, न्यूमोकोकसची लस आणि हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या ही या आजाराविरुद्धची जुनी, स्वस्त आणि सिद्ध शस्त्रे आहेत. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे उद्दिष्ट ठेवले. उद्दिष्ट स्तुत्य आहे. पण तपासणी म्हणजे उपचार नव्हे. ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात महिनाभर गोळ्याच आल्या नाहीत, तेथे हातात दिलेले कार्ड आजार बरा करीत नाही. जनुक-संपादन हे त्या गोळ्यांच्या पुढचे पाऊल असावे. त्यांचा विसर पाडणारी आतषबाजी नसावी.

येथवर काला अंबचा धडा झाला. पानिपतने आणखी एक धडा दिला आहे, तो अलीकडचा आहे. २२ जानेवारी २०१५ रोजी ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ ही योजना पानिपतातूनच सुरू झाली. कारण उघड होते. २०११ च्या जनगणनेत हरियाणात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ८३४ मुली होत्या. महाराष्ट्रानेही मिशीला पीळ देण्याचे कारण नाही. आपला आकडा ८९४ होता आणि तोही १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केल्यानंतर. सोनोग्राफी गर्भाची प्रकृती पाहण्यासाठी आली होती. समाजाने तिला निवडीचे यंत्र बनवले.

म्हणून ‘मनासारखी बाळे’ ही भीती हॉलिवूडची कल्पना म्हणून उडवून लावणाऱ्यांनी सबुरीने घ्यावे. येथे निवडीची भूक यंत्राच्या आधीपासून आहे. ती वधू-वरांच्या जाहिरातींत रंग, उंची आणि जात लिहून रोज प्रकट होते. देहपेशींतील बदल रुग्णाबरोबर संपतो. भ्रूणातील किंवा जननपेशींतील बदल पिढ्यान्‌पिढ्या जातो आणि ज्यांच्यावर तो लादला जातो त्यांची संमती कधीच घेता येत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनच्या हे जियानकुई यांनी सीसीआर-५ जनुकात फेरफार केलेल्या जुळ्या मुली जन्मल्याचे सांगितले, तेव्हा जग हादरले; पुढच्या वर्षी त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. भारतात आयसीएमआरच्या मार्गदर्शक तत्त्वांनी जननपेशींतील जनुकोपचाराला मनाई केली आहे. मनाई योग्य आहे, पण तिच्यामागे संसदेने केलेला स्वतंत्र, दंडात्मक कायदा हवा. सोनोग्राफीच्या बाबतीत कायदा असूनही काय घडले हे पानिपतने पाहिले आहे. नुसत्या तत्त्वांवर विसंबणे हा भाबडेपणा होय.

यावर एक प्रामाणिक आक्षेप येतो: भ्रूणातच अक्षर दुरुस्त केले तर पुढच्या पिढ्यांचे दुःखच संपेल, मग अडवता का? उत्तर गणितात आहे. आईवडील दोघेही वाहक असले तरी प्रत्येक गर्भाला आजार नसण्याची शक्यता चारात तीन असते, आणि गर्भनिदानाची कायदेशीर सोय आज उपलब्ध आहे. ज्यासाठी भ्रूण कापावा लागेल असे प्रसंग अत्यंत विरळ आहेत. शिवाय ‘वाईट जनुक’ हा शब्दच कच्चा आहे. वाहकांना मलेरियापासून संरक्षण मिळते हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवले. ज्या जंगलपट्ट्यांत मलेरिया होता तेथेच हे जनुक टिकले. जनुकाच्या निर्मूलनाची भाषा किती सहज माणसांवर घसरते याचा पुरावा थोरामोठ्यांनीच दिला आहे. ज्यांनी या आजाराचा रेणू ओळखला त्याच पॉलिंग यांनी १९६८ मध्ये वाहक तरुणांच्या कपाळावर खूण गोंदवावी असे सुचवले होते. दोन नोबेल पारितोषिकांचा मानकरी असे लिहू शकतो, तर तपासणीचे कार्ड लग्नाच्या बाजारात कपाळावरची खूण बनायला कितीसा वेळ लागेल?

मागण्या मोजक्या आहेत. सिकलसेलच्या जिल्ह्यांत, निदान नागपूर व चंद्रपूर येथे, अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची सार्वजनिक केंद्रे चाचण्यांच्या आधी उभी राहावीत. प्रत्येक आरोग्य केंद्रात हायड्रॉक्सियुरियाचा साठा अखंड असावा. रुग्णांच्या पंधरा वर्षांच्या देखरेखीचा खर्च उत्पादकाने आणि शासनाने आधीच बाजूला काढावा. जनुकीय माहितीची गुप्तता आणि जननपेशी-संपादनाची बंदी कायद्यात यावी.

प्रयोगशाळेने आपले काम केले आहे आणि तिचे अभिनंदन व्हायलाच हवे. पण इब्राहिमखान गारद्यानेही आपले काम चोख केले होते. काला अंबची माती कपाळाला लावणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की तोफांच्या गडगडाटात भुकेल्यांचा आवाज ऐकू येत नाही, आणि लढाई बहुतेक वेळा तेथेच हरलेली असते.