मेंदूचा घाव आणि शरीराचे पहारेकरी

घरातील वडीलधारे माणूस सकाळी उठते ते तोंड वाकडे झालेले, एक हात लुळा पडलेला आणि जीभ जड झालेली, असा प्रसंग पुष्कळ कुटुंबांनी पाहिला आहे. शेजारीपाजारी जमतात आणि एकच प्रश्न विचारतात, 'आता हे बरे होतील काय?' या प्रश्नाचे उत्तर केवळ घावाच्या आकारावर अवलंबून नसते, हे आज आम्ही वाचकांपुढे मांडू इच्छितो.

हैदराबाद येथील निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस या संस्थेत पक्षाघाताच्या ६०८ रुग्णांचा अभ्यास झाला व तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्या शहरात तेलुगू, उर्दू, हिंदी अशा भाषा शेजारी शेजारी नांदतात. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांपैकी शेकडा सुमारे ४० रुग्णांची बुद्धी व स्मृती पक्षाघातानंतरही शाबूत आढळली. एकच भाषा जाणणाऱ्यांत हे प्रमाण शेकडा २० च्या आसपास होते. दुखणे एकच, परंतु ज्याच्या मेंदूत राखीव बळ अधिक, तो अधिक सावरतो, असा याचा अर्थ संशोधकांनी लावला.

असेच दुसरे एक बळ शरीरात असते. ते म्हणजे रोगप्रतिकारशक्ती. मात्र ते दुधारी आहे.

गावात घर पेटले की मदतीस धावलेल्या माणसांकडून कौले फुटतात, भिंती ढासळतात. पण पुढे राडारोडा उपसून घर उभे करतात तीच माणसे. मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली अथवा डोक्यास जबर मार बसला, म्हणजे असेच घडते. मेंदूतील रक्षक पेशी जाग्या होतात व रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे धाव घेतात. त्यांच्यामुळे सूज वाढते आणि वाचू शकणाऱ्या काही पेशीही दगावतात. परंतु मृत पेशींची सफाई आणि पुढील डागडुजी यांनाही त्यांचाच हातभार लागतो.

मग ही धावपळ औषधाने सरसकट दाबून टाकावी काय? डोक्यास मार बसलेल्या १०,००८ रुग्णांवर स्टेरॉइड औषधाची कसोटी अनेक देशांत घेण्यात आली. २००४ साली तिचा निकाल लागला, तेव्हा औषध घेतलेल्यांत दोन आठवड्यांतील मृत्यू शेकडा २१, तर न घेतलेल्यांत शेकडा १८ आढळले. पहारेकऱ्यांना एकजात बांधून ठेवणे हा उपाय नव्हे, हा धडा त्यातून मिळाला.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. मेंदूत ही धांदल चालू असता उर्वरित शरीराची प्रतिकारशक्ती काही दिवस मंदावते. त्यातच गिळण्याची क्रिया बिघडलेली असते. पाण्याचा घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतो आणि न्युमोनिया जडतो. आधीपासूनच प्रतिजैविक औषध देऊन पाहणारा एक मोठा प्रयोग हॉलंडमध्ये झाला. २०१५ सालच्या त्याच्या निकालात रुग्ण त्यामुळे अधिक सावरल्याचे दिसले नाही.

जे औषधाने साधले नाही, ते शुश्रूषेने साधले. ऑस्ट्रेलियातील १९ रुग्णालयांच्या अभ्यासात परिचारिकांनी ज्वर, रक्तातील साखर व गिळण्याची शक्ती या तीनच गोष्टींवर काटेकोर लक्ष ठेवले. तीन महिन्यांनंतर मृत अथवा परावलंबी झालेल्यांचे प्रमाण तेथे शेकडा ४२ होते. इतरत्र ते ५८ होते. हा निकाल २०११ सालचा आहे.

म्हणून वाचकांना आमचे सांगणे असे. तोंड वाकडे झाले, हात गळाला वा बोलणे अडखळले, तर मालिशवाल्याकडे न जाता रुग्णास तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे. गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते. गिळण्याची तपासणी होईपर्यंत मायेपोटीही चहाचा घोट वा चमचाभर पाणी पाजू नये. घरी आणल्यावर ताठ बसवूनच भरवावे, तोंड स्वच्छ ठेवावे, ताप आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे, आणि खोकला-पडसे असलेल्या पाहुण्यांना दारातूनच विचारपूस करण्यास सांगावे.

शरीराचे पहारेकरी गुंतलेले असतात, त्या दिवसांत घरच्यांनी पहारा करावयाचा असतो.